टणक उशीची नोकरी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. उशी म्हटलं की तुम्हाला मऊपणा आठवेल. तो माझ्यात नाही.

मला एका गादीवाल्याने भरलं. कापूस पिंजण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण भरताना थांबावं कुठे, हे त्याला कधी कळलं नाही. "उशी म्हणजे आधार, लाड नव्हेत," म्हणत तो गुडघा टेकवून आणखी एक मूठ कोंबायचा. मला घेऊन गेलेलं गिऱ्हाईक मान वाकडी करून परत आलं. "याच्यापेक्षा उंबरठ्यावर डोकं ठेवीन!" गल्ल्यावर बसलेल्या गादीवाल्याच्या बायकोने नवऱ्याला सर्वांसमोर ऐकवलं, "अहो, लोकांना झोपायचंय, कुस्ती नाही खेळायची!" त्या दोघांचं भांडण म्हणजे दुकानातलं घड्याळ. ते चालू असलं की सगळं ठीक समजायचं. मी मात्र माळ्यावर गेले आणि तिथेच जुनी झाले.

मग गादीवाल्याच्या हृदयाने दगा दिला. छाती उघडून ऑपरेशन झालं. नर्स म्हणाली, "घरून एखादी घट्ट उशी आणा. खोकला, शिंक, हसू आलं की छातीशी आवळून धरायची. दुखणं कमी होतं." दुकानातल्या बाकी उश्या बायकोने मागाहून उसवून मऊ केलेल्या, घट्ट मी एकटीच. माळ्यावरून थेट दवाखान्यात! बढती म्हणतात ती हीच.

काम मी चोख केलं. तो खोकायचा, मी छातीला रेटा द्यायचे. जखम भरत आली, पण घरी आल्यावर माणूस मनाने खचला. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी त्याचे डोळे भरायचे, आणि तोंड लपवायला मीच. खारं पाणी कापसाला सोसत नाही, पण सांगते कोणाला!

त्यात घर एकदम गोड झालं. मुलीने आईला बजावलं होतं, "आई, आता बाबांशी एक शब्द वाकडा बोलायचा नाही." त्याच्या हातून पेला सांडला, तरी बायको म्हणायची, "असू दे हं." गादीवाल्याने यातून आपला हिशेब मांडला. एक दिवस त्याने मुलीला विचारलं,

"खरं सांग, डॉक्टरांनी हात टेकले ना?"

"काहीतरीच काय, बाबा! रिपोर्ट उत्तम आहेत."

"मग तुझी आई भांडत का नाही?"

मुलगी रिपोर्टची फाईल उचलून आत गेली. तिच्या उठून जाण्याचाही त्याने अर्थ लावला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. त्याने खुर्ची सोडणंच बंद केलं. "कशाला चालायचं? जायचं तर आहेच," असं तो मला म्हणायचा. जेवणाचं ताट अर्धं परत जाऊ लागलं.

एका दुपारी बसल्या बसल्या त्याची बोटं माझ्या शिवणीकडे गेली. सवयच ती. दोन टाके उसवून त्याने आत बोट घातलं. "काय कोंबलीय मेली! कोणत्या गाढवाने भरली ही?"

बायको गोळ्या घेऊन दारात उभी होती. लादीवर कापूस बघून तिचा बांध फुटला. "कोणत्या काय? तुम्हीच! जन्मभर सांगून थकले, तेव्हा ऐकलं नाही! स्वतःची छाती अजून जुळतेय आणि निघालेत उशी उसवायला! उठा आधी! दारापर्यंत तरी चाला, नाहीतर या घरात आता मीच आजारी पडते!"

एवढं बोलून तिने तोंडावर हात ठेवला आणि ती रडायला लागली.

गादीवाला हसला. हसू छातीत दुखलं, तशी त्याने मला आवळली. "थांबलीस का? बोल की," तो म्हणाला. मग मला तशीच कवटाळून तो उठला आणि दारापर्यंत चालत गेला. मागे माझा कापूस सांडत होता, आणि त्याच्या मागे ती बोलत होती.

पुढे त्यानेच मला शिवलं. एक मूठ कापूस कमी भरला, कबूल मात्र केलं नाही. आता तो दुकानात जातो, बसून करण्याजोगं काम करतो. परवा मला खुर्चीवर विसरून गेला. मला राग नाही. माझ्या नोकरीत विसरलं जाणं हीच शाबासकी.

मित्रांनो, आजाऱ्याला जपा. औषध वेळेवर द्या, उशी हाताशी ठेवा. पण घरातलं रोजचं बोलणं बंद करू नका. फार गोडव्याने माणूस घाबरतो. आणि काम संपलं म्हणून मला परत माळ्यावर टाकू नका. खुर्चीच बरी. इथून भांडण नीट ऐकू येतं.