नारायण पेठेतून दिसलेलं फ्रेंच गाव

मी एक शब्दकोश. फ्रेंच शब्दांचे इंग्रजी अर्थ सांगणारा, लाल पुठ्ठ्याचा, बाराशे पानांचा. राहायला पुण्यात, नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. वय सत्तरीच्या पुढे. या वयात मी जे पाहिलं ते मला अजून पुरतं खरं वाटत नाही, म्हणून सांगतो आहे.

माझी छपाई इंग्लंडातली. तिथून इकडे कुणी आणलं, आठवत नाही. आठवतं ते अप्पा बळवंत चौकातलं जुन्या पुस्तकांचं दुकान. तिथे एका ढिगाच्या तळाशी मी कितीतरी वर्षं पडून होतो. एके दिवशी एकोणीस वर्षांच्या एका मुलीनं मला ओढून काढलं, फुंकर मारली आणि विचारलं, "हा पूर्ण आहे ना?"

"पानं मोजून घ्या. नंतर तक्रार चालणार नाही," दुकानदार पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

तिनं खरंच तिथे उभं राहून पानं मोजली. ती उल्का. पुढे एकतीस वर्षं तिनं कॉलेजात फ्रेंच शिकवलं आणि मी तिच्या पिशवीतून रोज जा-ये केली. माझ्या समासांत तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, एका पानावर वरणाचा डाग आहे. फ्रान्सला मात्र ती कधी गेली नाही. एकदा सगळं ठरलं होतं, तेव्हा सासूबाई आजारी पडल्या. मग ते राहूनच गेलं. मीही गेलो नव्हतो. त्यामुळे आम्ही दोघं सारखेच होतो. शब्द पाठ, वस्तू पाहिलेल्या नाहीत.

उल्काबाई निवृत्त झाल्या आणि मी कपाटावर गेलो, लोकरीच्या पिशवीशेजारी. चार वर्षं मला कुणी हात लावला नाही. कोळ्यानं माझ्या कडेला जाळं विणलं, ते वाळलं, तरी मी तिथेच.

मग त्यांची भाची तनुजा आली. "मावशी, तू ऑनलाइन शिकव ना! प्रोफाइल मी बनवून देते, सिंपल आहे." तिनं दहा मिनिटांत काहीतरी केलं आणि आठवड्याभरात पहिली विद्यार्थिनी मिळाली. हेझल नावाची इंग्रज बाई, शाळेतली नर्स म्हणून निवृत्त झालेली. तिचा नवरा डेरेक आयुष्यभर बस चालवत होता. दोघांनी लीड्समधलं घर विकून फ्रान्सच्या मधोमध तीस उंबऱ्यांच्या एका वस्तीत दगडी घर घेतलं होतं.

उल्काबाईंचे यजमान श्यामसुंदरराव बँकेतले. ते चहाचा कप ठेवत म्हणाले, "म्हणजे दोन इंग्रज फ्रान्समध्ये बसून नारायण पेठेत फ्रेंच शिकणार. बरं."

"अहो, तिला ऐकू जातंय."

"जाऊ दे की. मराठी कुठे शिकली आहे ती?"

उल्काबाईंनी हेझलला पहिल्याच दिवशी विचारलं, की तुमच्या शेजारी इतके फ्रेंच लोक असताना मी कशाला? हेझल म्हणाली, "ते त्या भाषेत जन्मले. तुम्ही ती बाहेरून शिकलात. कुठे ठेच लागते ते तुम्हाला ठाऊक आहे."

त्या दिवशी मला कपाटावरून खाली काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि लॅपटॉपच्या शेजारी ठेवलं. मंगळवार आणि शुक्रवार, आपल्याकडचे दुपारचे चार. तिकडे सकाळचे साडेअकरा. आणि माझ्यासमोर एक खिडकी उघडली.

पहिल्या हिवाळ्यातच हेझलनं लॅपटॉप उचलून बाहेर धरला. रात्रीचं धुकं झाडांवर गोठून बसलं होतं. काडी न् काडी पांढरी, आणि तिच्यावर ऊन. त्या गोष्टीचा शब्द माझ्या पाचशे बाराव्या पानावर आहे, अर्थ एका ओळीचा. सत्तर वर्षं मी ती ओळ अंगावर बाळगली होती. पण ते असं असतं? उल्काबाईंनी ते पान उघडलं आणि त्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं.

हेझलच्या अडचणी रोजच्या होत्या. पाववाली उत्तरच देत नाही म्हणून ती रडवेली झाली होती.

"आत गेल्यावर आधी 'बाँजूर' म्हणालात?" उल्काबाईंनी विचारलं.

"नाही. सरळ पाव मागितला."

"मग ती कशी बोलेल? दुकानात शिरल्यावर आधी नमस्कार. तिलाही आणि रांगेतल्या सगळ्यांनाही."

स्वयंपाकघरातून श्यामसुंदररावांचा आवाज आला, "इकडे नमस्कार करून पाहा म्हणावं. तरी उत्तर नाही."

हेझल हळूहळू रुळली. ब्रिटन युरोपच्या संघातून बाहेर पडल्यावर तिथे राहायचं ओळखपत्र काढावं लागलं, तेव्हा सगळी फाइल कॅमेऱ्यासमोर धरून तिनं एकेक कागद वाचला. दाराशी भेटल्यावर गालाला गाल किती वेळा लावायचा, जेवायला बोलावलं तर काय न्यायचं, सगळं ती विचारत असे, आणि उल्काबाई जिथे कधी पाऊल टाकलं नाही तिथल्या रीती सांगत असत.

डेरेक मात्र शिकला नाही. तो मागून लाकडं घेऊन जायचा, हात हलवायचा, संपलं. हेझलनं आग्रह केला की म्हणायचा, "रेमाँला आणि मला बोलायची गरजच पडत नाही."

रेमाँ त्यांचा शेजारी. ऐंशी पार केलेला शेतकरी. दोघं मिळून लाकडं फोडायचे, सफरचंदाच्या झाडांची छाटणी करायचे, भिंत लिंपायचे. सहा वर्षं, रोज, एकही वाक्य न बोलता. मी त्यांना खिडकीतून पाहायचो. एकानं हात पुढे केला की दुसरा नेमकं हवं ते हत्यार द्यायचा. बाराशे पानांच्या माझ्यासारख्याला ते पाहून गप्प बसावंसं वाटायचं.

या जानेवारीत एका शुक्रवारी हेझलच्या खुर्चीत डेरेक बसला होता. टोपी हातात.

"रेमाँ इस्पितळात आहे," तो म्हणाला. "फुप्फुसं. डॉक्टर म्हणतात, फार तर दोन आठवडे. मला त्याच्याशी बोलायचं आहे."

"हेझल बोलेल ना तुमच्या वतीनं," उल्काबाई म्हणाल्या.

"माझं तिनं कशाला बोलायचं?" त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "आम्ही आलो त्या हिवाळ्यात घरातला पाण्याचा पाइप फुटला. कुणाला ओळखत नव्हतो. हा माणूस न बोलावता हत्यारं घेऊन आला, दिवसभर गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि निघून गेला. मी आभारसुद्धा मानले नाहीत. कसे मानायचे ते माहीत नव्हतं. आणि नंतर लाज वाटायला लागली."

उल्काबाईंनी चष्मा पुसला. "चार वाक्यं. पाच दिवस. रोज बसायचं."

त्या पाच दिवसांत मी जेवढा उघडला-मिटला गेलो तेवढा कॉलेजच्या परीक्षांतही नसेन. सत्तरीतला तो बसचालक घशातून 'र' काढताना घामाघूम व्हायचा. उल्काबाईंनी एकही चूक सोडली नाही. "पुन्हा. नाही, पुन्हा." चौथ्या दिवशी श्यामसुंदरराव दूध तापवताना तेच वाक्य पुटपुटत होते, 'तुम्ही आलात, मी विसरलो नाही.' उच्चार डेरेकपेक्षा बरा होता.

मध्येच डेरेकनं विचारलं, "त्याला 'तुम्ही' म्हणायचं की 'तू'? आमच्या इंग्रजीत राजाला आणि कुत्र्याला एकच शब्द आहे."

"'तुम्ही'. ते वयानं मोठे आहेत. अरे-तुरेवर यायचं तर ते त्यांनी आधी यायचं. आपण नाही."

बुधवारी तो गेला. गुरुवारी चारच्या आधीच उल्काबाई लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. श्यामसुंदररावही खुर्ची ओढून आले, पेपर मात्र हातात धरून.

डेरेक दिसला. "बोललो. चारही वाक्यं. एकात अडकलो, पण तो थांबला माझ्यासाठी."

"आणि ते काय म्हणाले?"

"तेच कळलं नाही. हेझल बाहेर होती, आणि नंतरही तिला विचारलं नाही, ते तुमच्याकडूनच ऐकायचं होतं. पण मी येताना गाडीत तेच घोकत आलो." आणि डोळे मिटून, इंग्रजी जिभेनं, त्यानं एकेक आवाज बाहेर ठेवला. "तू. ताय. त्रो. कूर."

उल्काबाईंचा हात माझ्यावर आला. त्यातल्या 'ताय' या क्रियापदाचा कापड बेतण्याचा अर्थ त्यांना पाठ होता, पण इथे शिंप्याचं काय काम? त्यांनी पान काढलं, बोट खाली नेलं. तिसरा अर्थ. फांद्या छाटणे.

त्या हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "ते म्हणाले, 'तू फार आखूड छाटतोस.'"

श्यामसुंदररावांनी पेपर खाली ठेवला. "हा माणूस आपल्या पेठेतला आहे."

डेरेकनं अगदी सावकाश विचारलं, "'तू' म्हणाला? नक्की?"

"तुमच्याच तोंडून आत्ता आलं ना? 'तुम्ही' म्हणाले नाहीत ते."

"तुमच्या भाषेत त्याला काय म्हणतात?"

"तू."

"नाही, फ्रेंच नाही. तुमच्या, तिथल्या भाषेत."

"तेच सांगते आहे. तू."

माझ्या अंगावरून काहीतरी सरसरत गेलं. इतकी वर्षं मी हा शब्द पोटात घेऊन मराठी दुकानात, मराठी घरात राहिलो. अवतीभवती दिवसातून शंभरदा 'तू, तू' कानावर पडत होतं आणि मला एकदाही उमगलं नव्हतं. तिकडे गावातल्या चर्चची बाराची घंटा वाजली. आमच्या खिडकीतून साडेचारची उन्हं टेबलावर आली होती.

रेमाँ पुढच्या रविवारी गेला. फेब्रुवारीच्या शेवटी डेरेकनं रेमाँच्या झाडांची छाटणी केली. प्रत्येक फांदीपाशी तो म्हणे एवढा वेळ विचार करायचा, की हेझलला जेवायला तीनदा हाक मारावी लागायची. एप्रिलमध्ये त्यानं लॅपटॉप बागेत नेला. पांढऱ्या-गुलाबी फुलांनी झाडं ओळखू येत नव्हती. उल्काबाई आणि श्यामसुंदरराव एकाच खुर्चीवर अर्धे-अर्धे बसून पाहत होते.

आता माझी पाठ उसवली आहे. चिकटपट्टी लावली आहे ती श्यामसुंदररावांनी, थोडी तिरकी. तनुजा म्हणते, "मावशी, हे सगळं फोनमध्ये आहे गं." असेल. माझी त्याला हरकत नाही. मी फार दिवस टिकेन असंही नाही. पण ज्या कुणाला काही सांगायचं राहून गेलं असेल, त्यानं ते पाठ करून का होईना, अडखळत का होईना, जाऊन सांगावं, एवढीच माझी विनंती.

आज शुक्रवार. हेझलच्या शेजारी आता दुसरी खुर्ची असते. डेरेकला रेमाँच्या मुलीला विचारायचं आहे, की झाडं पुढच्या वर्षीही मीच सांभाळली तर चालेल का? वाक्य लांब आहे. चार वाजले. उल्काबाईंनी मला जवळ ओढलं आहे.