गहाळ

ठाणेदारबाईंच्या थोरल्या जाऊबाईंच्या मानेवरचा वळ डाव्या कानाखाली सुरू होत होता आणि गळ्याच्या हाडाशी संपत होता. कडा लाल, मध्ये फिकट. पर्सच्या पट्ट्याएवढाच रुंद. तुटण्याआधी पट्टा चांगलाच ताणला गेला असणार, हे बाईंच्या लक्षात आलं.

हवालदार पेन उघडून बसले होते. "पर्स गहाळ झाली, असं लिहू ना मॅडम?"

"गहाळ?" थोरल्या जाऊबाई खुर्चीत ताठ झाल्या. "गहाळ व्हायला ती काय छत्री आहे? मोटरसायकलवरून आला, पर्स ओढली, मला फरपटत नेलं."

"तसं नाही ताई. आमची लिहायची पद्धत असते."

पद्धत अनुदानाबरोबर आली होती. गुन्हे रोखायला सरकारनं पैसे दिले. त्यातून बाजारात दिवे लागले, गस्तीला दोन मुली नेमल्या गेल्या. पुढचं अनुदान मात्र चोऱ्या कमी झाल्या तरच. पहिल्यांदा कुणाचा तरी फोन 'गहाळ' झाला, तेव्हा बाईंनी डोळेझाक केली. मग सायकली गहाळ होऊ लागल्या, गळ्यातल्या साखळ्याही. एवढं अनुदान पदरात पडू दे, मग हे बंद करू, असं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या. ते पडायचं, आणि पुढचं दारात उभं राहायचं.

उद्या अनुदान समिती पाहणीला येणार होती.

"चोरी लिहिली तर गस्तीच्या पोरींना घरी बसवावं लागेल," हवालदार हळूच म्हणाले.

"आणि त्या पोरी होत्या कुठं?" जाऊबाईंनी विचारलं.

"बाजारात," बाई म्हणाल्या. "जिथं चोऱ्यांची नोंद जास्त, तिथं गस्त. तुमच्या गल्लीत गेल्या वर्षभरात चोरीच नाही. सगळं गहाळच."

"म्हणजे तुझ्या हिशेबानं आमची गल्ली फक्त वेंधळी. भाऊजींना सांगते, बायको फार हुशार मिळालीय हो तुम्हाला."

हवालदारांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात दडवलं. बाई हसल्या नाहीत. आपण आत्ता काय बोललो, ते त्यांनी मनात पुन्हा एकदा तपासलं. त्यात कुठंच चूक नव्हती: गल्लीतल्या चोऱ्या आपणच गहाळ लिहू दिल्या, म्हणून गस्त तिकडं गेलीच नव्हती. त्या उठल्या आणि हवालदारांच्या टेबलाशी गेल्या.

"काका, जबरी चोरी लिहा. आधीच्या सगळ्या गहाळ तक्रारी आजच बाहेर काढा. ज्या चोऱ्या आहेत, त्या चोऱ्या म्हणूनच नोंदवायच्या. चोऱ्या वाढल्यात, हे समितीला मी सांगते."