सगळ्यांना थोडी थोडी मतं

जुन्या मतपेटीला तिची कहाणी कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगायला बसले आहे. मित्रांनो, मी सागवानाची आहे. समोर काच, वर फट आणि बाजूला पितळी कुलूप. मस्कतमधल्या एका मोठ्या बँकेच्या वार्षिक सभेत मी भागधारकांची मतं गोळा करत असे. आता त्याच बँकेच्या कचेरीत एका कपाटावर बसलेली असते. कर्मचाऱ्यांनी माझ्यात सूचना टाकाव्यात अशी साहेबांची इच्छा आहे. कर्मचारी चॉकलेटचे कागद टाकतात.

तुम्हाला वाटेल, म्हातारपणी ही निवांत असेल. छे! निवांतपणा माझ्या नशिबातच नाही. पोटात पडलेला प्रत्येक कागद मला वाचता येतो, आणि त्यातलं एक अक्षरही कुणाला सांगता येत नाही. तुम्ही एखादी गोष्ट एक दिवस पोटात ठेवून बघा, म्हणजे माझी तगमग कळेल.

माझा जन्म मस्कतच्याच वादी कबीर भागातल्या एका सुतारखान्यात झाला. वसईचा स्टॅन्ली माझा कर्ता. दाराच्या उरलेल्या लाकडातून त्याने मला घडवलं आणि माझी फट पॉलिश पेपरने घासघासून गुळगुळीत केली. "कागद अडकला तर लोक पेटीला नाय, सुताराला शिव्या देतात," असं तो म्हणायचा. बँकेत आले तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं. किल्ली हिल्डाकडे गेली. हिल्डाही वसईचीच, बँकेच्या सचिवांच्या कचेरीत काम करणारी, नीटनेटकी आणि जराशी करारी बाई.

पण माझं खरं काम तीन वर्षांतून एकदा, संचालक निवडायच्या वेळी. इतर वर्षी ठराव नुसते हात वर करून मंजूर होत. मी बाजूला उभी राही आणि माझ्या डोक्यावर लोक सरबताचे ग्लास ठेवत. भाषण चालू असतानाच निम्म्या सभेचं लक्ष जेवणाच्या दालनाकडे लागलेलं असे. त्यांचं काय चुकलं म्हणा, बिर्याणीचा वास कुणाला थांबू देतो?

आता २०१४ सालची निवडणूक सांगते. जागा सात, उमेदवार नऊ. ज्याचे जितके शेअर तितकी त्याची मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला द्या किंवा वाटून द्या, मुभा होती. बड्या मंडळींचे उमेदवार ठरलेले होते. छोट्या भागधारकांतर्फे अमीनशेठ उभे होते. ते मूळचे महाडचे, अल मवालेहच्या भाजीबाजारातले जुने व्यापारी. त्यांचं एकच मागणं होतं. बाजारात बँकेचा एक काउंटर पहाटे उघडायचा, तो बंद करायचं घाटत होतं. ते थांबवायला बोर्डात आपला एक माणूस हवा.

तो काउंटर एवढा महत्त्वाचा का? कारण तिथले दलाल रोकड हातात घेत नसत. पहाटे बँकेत पैसे भरा, पावती आणा, मगच माल उचला, अशी रीत होती. मुख्य शाखा उघडेपर्यंत चांगली भाजी संपलेली असे. म्हसळ्याचा सुफियान त्या बाजारात छोटा गाळा चालवायचा. त्याची आई जोहराबी विधवा. मुलाचा गाळा चालला तरच त्याच्या रहिवासी कार्डावर तिला मस्कतमध्ये राहता येणार होतं. नाहीतर मायलेकांची ताटातूट. नवऱ्याचे शेअर तिच्या नावावर झाले होते, म्हणून ती सभेला आली होती.

सोबत तिचा दीर इक्बाल होता. इक्बालचं रुवीत कापडाचं दुकान. माणूस वाईट नाही हो! कुणाचं भांडण मिटवायचं असलं की तोच पुढे. पण त्याला कुणालाही दुखवणं जमायचं नाही. कागद हातात आला तसा तो वहिनीच्या कानाशी लागला.

"भाबी, सगल्यांना थोडी थोडी घाला. हे समोर बसलेत ना, त्यांच्या बायकोनं भाईच्या मय्यतीला जेवान पाठवलं होतं. आणि ते चष्मेवाले, त्यांनी माज्या पोराला नोकरीला लावला."

"आनि अमीनभाई?"

"त्यांना पन घाला की! त्यांना कोन सोडतो?"

जोहराबीने मान वर केली. नऊच्या नऊ उमेदवार हसून बघत होते. तिला भीड पडली. लग्नाच्या पंगतीत वाढावं तसं तिने सगळ्यांच्या पानात थोडं थोडं वाढलं. तिचा कागद माझ्यात पडला आणि मी हबकले. कारण मागून येणारा प्रत्येक कागद तसाच होता. अमीनशेठना शब्द दिलेल्या प्रत्येकाने शब्द पाळला होता, फक्त थोडा थोडा. ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, बड्यांना तुमच्या मतांची गरज नाही, ती त्यांना नका देऊ! पण पेटीचं कोण ऐकतो?

अमीनशेठ थोडक्यात पडले. जेवताना जो तो त्यांना येऊन सांगत होता, "शेठ, मी तुम्हाला दिली बरं का!" कुणी खोटं बोलत नव्हतं, याचंच मला जास्त वाईट वाटलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

त्याच उन्हाळ्यात काउंटर बंद झाला. पुढची तीन वर्षं मी सभेचा दिवस सोडला तर कपाटातच होते, पण हिल्डाच्या टेबलावरच्या गप्पा ऐकू येत. सुफियान आता उन्हं वर आल्यावर मुख्य शाखेतून पावती आणायचा आणि उरलासुरला, सुकलेला माल उचलायचा. गिऱ्हाईकं तुटली. पोराने हातपाय मारायचे तेवढे मारले. शेवटी गाळा सोडून तो दुबईला नोकरीला गेला. तिथे एका खोलीत सहा जण; आईला कुठे नेणार? जोहराबीचा मस्कतमधला मुक्काम संपला. ती म्हसळ्याला परतायला निघाली.

आणि नेमकी तेव्हाच २०१७ ची निवडणूक आली. अमीनशेठ पुन्हा उभे होते. काउंटर पुन्हा उघडावा, एवढंच त्यांचं म्हणणं. दार उघडून जोहराबी आत आली तेव्हा मी चकित झाले. तिचं विमान त्याच दुपारचं होतं. वादी अदाईच्या घरी सामान बांधून दाराशी ठेवून ती आली होती.

ती सरळ हिल्डाच्या टेबलाशी गेली. "हिल्डा, सगली मतां एकालाच घातली तर चालतात ना?"

"चालतात ना आंटी. तुमची मतं, तुमची मर्जी."

इक्बालच्या कानावर ते गेलं. तो आपला कागद हातात धरून धावतच आला. "भाबी, असा नका करू. तुमी तर चाललात. मला इथंच ऱ्हायाचा हाय. उद्या ह्यांना तोंड काय दाखवू?"

"माजा नाव सांग. म्हन, भाबीनं आयकला नाय."

"पन तुमाला आता काय मिलनार? सुफियान तर गेला."

मला वाटलं, आता हिचं अवसान गळतंय. पण तिने ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "माजा गेला. दुसऱ्यांचे हायत अजून त्या बाजारात. त्यांना पन आया हायत."

समोर याही वेळी नऊ जण हसतच होते. तिने एकदाही मान वर केली नाही. एका नावापुढे सगळी मतं लिहिली, कागद दुमडला आणि माझ्यात टाकला. मग घड्याळ बघून ती टॅक्सी धरायला निघाली.

इक्बाल तिथेच चुळबुळत उभा. आपल्या हातातल्या कागदाकडे बघे, दाराकडे बघे. त्याने मतं नेहमीसारखी वाटून लिहिली होती. माझा जीव टांगणीला लागला. अखेर तो हिल्डासमोर जाऊन पुटपुटला, "सिस्टर, हा खराब झाला. दुसरा कागद मिलेल?" हिल्डाने नियमाप्रमाणे पहिला कागद रद्द करून त्याला दुसरा दिला. त्यावर त्याने काय लिहिलं ते मी सांगणार नाही. मतपेटीला तेवढा धर्म पाळावा लागतो. पण त्याला बघून मागच्या रांगेतले आणखी दोघे-तिघे कागद बदलून घ्यायला उठले, एवढं सगळ्या सभेने पाहिलं.

अमीनशेठ निवडून आले. निकाल लागला तेव्हा जोहराबी विमानात होती.

वर्षभराने काउंटर उघडला. तोवर बँकेने मतांसाठी यंत्रं आणली होती आणि मी या कपाटावर आले होते. हिल्डाने इथूनच म्हसळ्याला फोन लावला. "आंटी, काउंटर चालू झाला! पहिल्याच दिवशी दारापर्यंत रांग."

फोन स्पीकरवर होता. जोहराबी म्हणाली, "बरा झाला. पोरांना ताजा माल मिलेल." आणि मग अगदी हळू, "चार वरसां आधी मान वर नसती केली, तर त्या रांगंत माजा पन असता गो."

मित्रांनो, माझी काच पुसलीत तर मला बरं वाटेल, नाही पुसलीत तरी तक्रार नाही. पण कधीतरी तुमच्याही हातात असा एखादा कागद येईल. समोरून दहा जण हसून बघत असतील. तेव्हा ज्याच्यासाठी घरातून निघालात, त्याचं नाव लिहून होईपर्यंत मान खालीच ठेवा.