भाऊरावांना एकटं सोडून

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या एका शाळेत शिकवणारे सौमित्र साळवे दर शुक्रवारी दुपारी स्कूटरने जवळच्या पाटन गावी जात. तिथे अर्धांगवायूने खाटेला खिळलेले भाऊराव आणि त्यांची बायको राधाबाई यांच्या घरी ते येशूची प्रार्थना चालवत. सरांचा आवाज भरदार. "दुष्टाई कितीही माजो, शेवटी जिंकणार देवच," असं ते म्हणाले की भाऊरावांचे डोळे भरून येत.

एका शुक्रवारी दारात सात-आठ माणसं येऊन उभी राहिली.

"ये सब कौन करवा रहा है?" एकाने विचारलं. मग सरांकडे वळून, "तुम ईसाई हो?"

"नहीं जी," सर म्हणाले. "मैं तो मरीज़ को देखने आया था."

राधाबाई पुढे झाली. "घर मेरा है. प्रार्थना भी मेरी है."

धर्मांतराचा आरोप करत ते तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेले. सरांनी स्कूटर काढली आणि जबलपूरचा रस्ता धरला. भाऊराव घरात एकटे आहेत हे अर्ध्या वाटेत ध्यानात आलं, तरी स्कूटर वळली नाही.

रविवारी चर्चमध्ये वाचनाची पाळी त्यांची होती. घसा बसलाय, असं सांगून त्यांनी टाळली.

पुढच्या शुक्रवारी ते पाटनला गेले. राधाबाई नवऱ्याला पेज भरवत होती. गेल्या शुक्रवारी तिला संध्याकाळी सोडलं होतं. तोवर शेजारच्या बेबीताईने भाऊरावांना सांभाळलं होतं.

"मी येशूला नाकारलं," सर उभ्यानेच म्हणाले. "यांना टाकून पळालो. आता कोणत्या तोंडाने प्रार्थना करू?"

"राग आला होता मले. अजून हाय," राधाबाई म्हणाली. "हे सांजेपर्यंत दाराकडे पाहून राहिले होते." तिने भाऊरावांची हनुवटी पुसली. "पण सर, देव का तुमच्या-माझ्या हिमतीवर जिंकणार हाय? तसं असतं तर कवाच हरलो असतो."

सर खाटेच्या कडेला बसले.

"उद्या मले परत ठाण्यात बोलावलं हाय."

"मी येतो."

"भेव वाटून राहिलं?"

"हो."

"मले बी."

ठाण्यात सरांनी सांगितलं, प्रार्थना मी चालवत होतो.

"पहले क्यों नहीं बताया?" साहेबांनी विचारलं.

"डर गया था."

मागे कोणीतरी हसलं. सरांचे कान तापले. राधाबाईने बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली.