अर्धा मग पाणी

प्रयोगशाळेत सगळे त्याला मिस्त्री म्हणत. तीस वर्षं त्याने चाचणीचे सिमेंटचे ठोकळे ओतले होते. मिश्रण नुसतं हातात घेतलं की आपल्याला सगळं कळतं, अशी त्याची ठाम समजूत होती, आणि ती मोडायची कोणाची छाती नव्हती.

या खेपेला ठोकळे त्याच्याच लेकीचे होते. तीन वर्षं ती ग्राफीनच्या मागे हात धुऊन लागली होती. ती चिमूटभर काळी पूड सिमेंटमध्ये नीट पसरली, तर ठोकळा कितीतरी जास्त भार सोसेल, हे तिला सिद्ध करायचं होतं. आता शेवटची तुकडी. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायची आणि यंत्राखाली फोडायची. आकडे आले तर पदवी, नाहीतर काम बंद, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं.

"मिश्रण घट्ट होईल बाबा, होऊ दे. पाणी तेवढं वाढवू नका, ठोकळा कच्चा राहील," एवढं सांगून ती बैठकीला गेली.

मिश्रण खरंच घट्ट झालं, साच्यात उतरेना. लेकीचे ठोकळे पोकळ निघाले तर लोक तोंडात शेण घालतील! पोरीला पुस्तकातलं कळतं, हातातलं कुठे कळतं? त्याने अर्धा मग पाणी ओतलं. मिश्रण लोण्यासारखं बसलं आणि स्वारी स्वतःवरच खूश झाली.

अठ्ठावीस दिवसांनी ठोकळे फुटले, साध्या सिमेंटच्याही आधी. सर वही मिटून निघून गेले.

"बाबा, पाणी मोजूनच घातलं होतं ना?"

दोन मदतनीस बघत होते.

"मला विचारतेस? तीस वर्षं काय झक मारली मी इथे?"

"तसं नाही हो. विचारावं लागतं." उलट तीच ओशाळली.

खरं सांगितलं असतं तर सरांनी आणखी एक महिना दिला असता. त्याला हे पक्कं ठाऊक होतं. तरी तो फुटलेले तुकडे टोपलीत भरू लागला, आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

आठवड्याने, प्रयोगशाळेतलं आपलं टेबल रिकामं करून ती घरी आली. शेवटचा अहवाल तिने त्यालाच आधी वाचून दाखवला.

"ग्राफीनचा उपयोग आढळला नाही. पाण्याच्या मापात चूक संभवत नाही. ठोकळे अत्यंत अनुभवी हातांनी ओतलेले आहेत." तिने मान वर केली. "बरोबर लिहिलंय ना, बाबा?"

"हो," तो म्हणाला. "बरोबर आहे."