दांडीवरचे कपडे

सरकारी मदतीचा आमचा अर्ज पहिल्या खेपेला फेटाळला गेला, तो लाँड्री भरलेली दिसली म्हणून. तपासणीच्या साहेबांनी दारातूनच मान वर केली. छताखालच्या लोखंडी दांडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे लटकलेले पाहिले आणि कागदावर लिहिलं, ‘व्यवसाय सुरळीत चालू.’ आत या म्हटलं, तर त्यांना अजून सहा दुकानं उरकायची होती.

सुरळीत म्हणे! ते कपडे साथ यायच्या आधी धुवायला दिलेले. लोक टाकून गेले आणि न्यायला आलेच नाहीत. कुणी गाव सोडलं, कुणी घरी बसून काम करायला लागलं आणि त्याची इस्त्रीची गरजच संपली, आणि काही जण आता नव्हतेच. चिठ्ठ्यांवर फोन नंबर होते, पण मी एकदाही लावला नव्हता. पलीकडून काय ऐकायला मिळेल याची धास्ती वाटायची. ह्यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती, त्याच साथीत. मला माझंच पुरे झालं होतं.

मागे उरलो मी आणि सासरे. धुलाईचं मोठं मशीन बंद पडलं तसं हॉटेलच्या चादरींचं काम गेलं. आता शेजारपाजारचे चार शर्ट मी टबात हाताने धुते. मदत मिळाली तर मशीन दुरुस्त होणार, मशीन चाललं तर चादरी परत येणार. नाही तर शटर ओढायचं आणि घरी बसायचं. कचेरीत खेटे घालून घालून शेवटी आठ दिवसांनंतरची फेरतपासणी मिळाली. “दुकान आहे तसं दिसू द्या,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

मग एकेक चिठ्ठी काढून फोन लावत बसले. एक जण आला, कोट नेला आणि वर कुबट वास येतो म्हणून मलाच ऐकवलं. दोन वर्षं लटकल्यावर कोटाला काय अत्तराचा वास येणार? एका शिक्षिकेला पडदे आपले आहेत हेच आठवेना. करड्या सुटाच्या नंबरावर एक कोवळा आवाज आला. “तो बाबांचा. देऊन टाका कुणाला तरी.” मी “बरं” म्हटलं. त्या दिवशी पुढचा फोन मी लावला नाही.

ज्यांचं कुणी आलंच नाही ते कपडे वाटून टाकले. आठव्या दिवशी दांडीवर एकच शर्ट राहिला. निळा, ह्यांचा. दवाखान्यात जाताना काढून ठेवला तसाच, बाह्या कोपरापर्यंत दोनदा दुमडलेल्या. सासऱ्यांनी तो स्वतः टांगला होता. मी एकदा धुवायला घेतला, तर म्हाताऱ्याने माझ्या हातातून ओढून घेतला.

“हा गिऱ्हाइकाचा नाही,” म्हणत त्यांनी तो काढून गल्ल्याखालच्या खणात ठेवला. सकाळी मी शेजाऱ्यांचे शर्टही पोचवून आले, म्हटलं साहेबांना सगळं साफ दिसू दे. अक्कल म्हणतात ती एवढी.

साहेब या वेळी आत आले. रिकाम्या दांडीकडे बघून म्हणाले, “अहो, तुम्ही तर बंदच केलंत. मदत चालू व्यवसायालाच मिळते.”

माझं डोकंच फिरलं. “साहेब, मागे भरलेलं होतं म्हणून नाही, आता रिकामं म्हणून नाही. नक्की किती कपडे टांगू, आकडा तरी सांगा!”

ते चिडले नाहीत. स्टुलावर बसले, बूट धुळीने पांढरे झालेले. “ताई, नियम मी करत नाही. काम चालू असल्याचा एक फोटो लागतो. एक कपडा दाखवा. पुन्हा फेरी माझ्या हातात नाही.”

“थांबा, घरून आणते काहीतरी.”

“मला पाच मिनिटांत निघायचंय.”

खण उघडल्याचा आवाज आला. सासऱ्यांनी निळा शर्ट टेबलावर पसरला आणि इस्त्री लावली.

“बाबा, तो नको.”

त्यांनी ऐकलं नाही. पाण्याचा हबका मारला आणि डाव्या बाहीची एक घडी उलगडली, मग दुसरी. बाकीचा शर्ट उजेडाने विटला होता, घडीच्या आतलं कापड मात्र अजून गडद निळं होतं. त्यावरून त्यांनी इस्त्री फिरवली, मग उजव्या बाहीवरून. मला रडू आवरेना, म्हणून मी टबाकडे तोंड करून उभी राहिले.

साहेबांनी फोटो काढला. “कुणाचा आहे?”

“गिऱ्हाइकाचा,” सासरे म्हणाले.

“न्यायला कधी येणार?”

सासरे कॉलर दाबत राहिले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा विचारलं नाही. ‘चालू, अडचणीत,’ असं लिहून माझी सही घेतली. मदत मंजूर होईल म्हणाले.

ते गेल्यावर मी शर्ट हँगरला लावून दांडीवर टांगला. बाह्या मनगटापर्यंत सरळ लोंबत होत्या, कोपराखाली गडद पट्टा. हे असा शर्ट कधीच घालत नसत.

“दुमडू का परत?” मी विचारलं.

“नको,” सासरे म्हणाले. “त्याच्यासारखी घडी तुलाही यायची नाही आणि मलाही.”