मी फक्त वजन सांगत राहिलो

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. खाली उभं राहायला चौकोनी लोखंडी पाट, त्यावर छातीइतका उंच दांडा आणि दांड्याच्या टोकाला ताटाएवढी तबकडी, तिच्यात लाल सुई. वय झालं असलं तरी तब्येत ठणठणीत आहे. पण मी इथे फुशारकी मारायला आलेलो नाही. मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती देताना लाज वाटते आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने माझ्यावर वजनं चढवून आणि उतरवून मला आठवडाभर छळलं. शेवटी "पोरगं चोख आहे," असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर शिक्का मारला. मला त्याचा फार अभिमान वाटला. पुढे काही वर्षं मी एका बेकरीत पिठाची पोती मोजली. वजन पूर्ण भरलं की बेकरीवाला खूश व्हायचा. वजन भरलं म्हणून तिथे कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी कधी पाहिलं नाही. नंतर बेकरीत नवा, आकडे चमकवणारा काटा आला आणि माझी रवानगी झाली ती मुलींच्या धावण्याच्या प्रशिक्षण केंद्रात.

तिथे मला जेवणघराच्या दारात उभं केलं. दर सोमवारी सकाळी वीस मुली रांगेने माझ्यावर चढायच्या आणि प्रशिक्षक मॅडम शेजारच्या फळ्यावर आकडे लिहायच्या. ज्या मुलीचा आकडा वाढला तिला आठवडाभर पाव, भात आणि बटाटा बंद. तिच्या ताटात फक्त उकडलेली भाजी आणि अंडं. मुली काय काय युक्त्या करायच्या! कुणी केसांतल्या पिना काढायची, कुणी कानातले. एक पठ्ठी तर श्वास सोडून पोट आत ओढून उभी राहायची, जणू काही हवाही मी मोजणार होतो. मला हसू यायचं. खरं सांगायचं तर मजाही वाटायची. माझ्या शब्दाला केवढा हा मान, असं वाटून मी तोऱ्यात असायचो.

त्यांच्यात एक होती टिटवी. काड्यांसारखे लांब पाय आणि क्षणभरही बंद न होणारं तोंड, म्हणून सगळ्या तिला टिटवी म्हणायच्या. वय सोळा. आली तेव्हा एक्कावन्न किलो होती आणि माझ्यावर उडी मारून चढायची. माझी सुई बिचारी गोंधळून थरथरत राहायची.

"अजून चार किलो उतरलीस ना, तर निवड चाचणीत तुला कुणी गाठू शकणार नाही," मॅडम एकदा तिला म्हणाल्या.

झालं. टिटवीने हे मनावर घेतलं. शिक्षा नसतानाही तिने आधी पाव सोडला, मग भात, मग बटाटा. स्वयंपाकाच्या मावशी वाडगा घेऊन तिच्या मागे यायच्या.

"अगं, दोन घास तरी घे. नुसत्या काकडीवर पळतेस होय?"

"नको गं मावशी. जड वाटतं मला."

एकोणपन्नास. सत्तेचाळीस. फळ्यावर तिच्या नावापुढे मॅडम चांदणी काढायच्या आणि सगळ्या टाळ्या वाजवायच्या. मीही मनातल्या मनात वाजवल्या.

एके दिवशी सरावानंतर ती माझ्या पाटावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. शेजारी मैत्रीण होती. तिला टिटवीने हळूच सांगितलं, "तीन महिने झाले, माझी पाळीच आली नाही."

"सुटलीस बाई!" मैत्रीण म्हणाली. "माझी कधी थांबणार कुणास ठाऊक!"

मित्रांनो, तिथे ही गोष्ट काळजीची नव्हती. ती बढती होती. मॅडमच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी टिटवीची पाठ थोपटली. "शरीर पळायला तयार झालं की असंच होतं. माझी तर दोन वर्षं बंद होती." मॅडम दुष्ट नव्हत्या. त्यांच्या प्रशिक्षकांनी त्यांना हेच सांगितलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं होतं.

पुढचे सहा महिने मी जे पाहिलं ते आठवलं की आजही कसंनुसं होतं. टिटवी आता उडी मारत नव्हती, दांड्याला धरून चढायची. ऐन उन्हाळ्यात तिची बोटं गार असायची. बडबड थांबली होती. कुणी काही विचारलं की वसकन अंगावर जायची आणि मग कोपऱ्यात जाऊन रडायची. हे सगळं माझ्या अंगाखांद्यावर घडत होतं आणि मी काय सांगत होतो? पंचेचाळीस किलो, चारशे ग्रॅम.

चाचणीला आठ दिवस उरले होते. मैदानाच्या वळणावर पळता पळता तिच्या नडगीचं हाड मोडलं. ती पडली नव्हती, कुणाला धडकली नव्हती. नुसतं पळताना हाड मोडलं.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई केंद्रात आल्या. टिटवी प्लास्टरमधला पाय समोर ठेवून जेवणघरात बसली होती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटची पाळी कधी आली होती?"

"ती नऊ महिने बंद आहे," मॅडमच म्हणाल्या. "खेळाडूंचं असतंच तसं."

"असत नाही, मॅडम. आपण करतो." डॉक्टरांचा आवाज चढला नव्हता. "एवढं पळायचं आणि भात, पाव, बटाटा सगळं बंद. मेंदूला कळतं की चुलीत घालायला सरपण नाही. मग तो जीव वाचवायच्या मागे लागतो आणि पाळीसाठीचे निरोप पाठवणं थांबवतो. हाडांना बळ देणारं हार्मोन त्या निरोपांमुळेच तयार होतं. ते नऊ महिने नीट मिळालेलंच नाही. मग हाड किती तग धरणार?"

"पण पिठाचे पदार्थ हार्मोन बिघडवतात, असं मी वाचलं होतं."

"काही जणींना कमी करायला सांगावे लागतात, तपासून. रोज पंधरा किलोमीटर पळणाऱ्या पोरीला नाही."

मॅडम बाकावर बसून आपलं पाऊल चोळू लागल्या. म्हणाल्या, "माझं पाऊल तीनदा मोडलं होतं. मला वाटायचं, माझं नशीबच तसलं."

डॉक्टरांनी टिटवीला सांगितलं की यंदा चाचणी नाही, आणि रोज तिन्ही वेळा पोटभर जेवायचं. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मग माझं वजन वाढणार का?"



त्याच संध्याकाळी मॅडमनी फळा पुसला आणि मला कोठीच्या खोलीत, शर्यतीच्या मोडक्या अडथळ्यांच्या मागे ढकललं. अंगावर धूळ साचली, पाटाला गंज चढला. पण मी कुरकुर केली नाही. माझ्या लायकीचीच जागा होती ती.

याला पाच महिने झाले. टिटवीचा पाय सांधला. मावशी तिला समोर बसवून जेवू घालतात. परवा तांदूळ घ्यायला कोठीत आल्या तेव्हा स्वतःशीच पुटपुटल्या, "आली गं बाई पोरीची पाळी एकदाची!" आणि पदराने डोळे पुसले. मित्रांनो, त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, संपलं आता सगळं.

पण ते संपलेलं नाही. आज दुपारी, जेवणाच्या जरा आधी, कोठीचं दार हळूच उघडलं. टिटवी आत आली. तिने दार नुसतं लोटून घेतलं, अडथळे बाजूला सारले, बूट काढले आणि ती माझ्यावर चढली. सुई बावन्नवर जाऊन थांबली. तिने तोंडावर हात दाबला.

बाहेरून मावशींची हाक आली, "टिटवे, ताट वाढलंय गं! ये लवकर!"

तिने ओ दिली नाही. खालच्या आवाजात ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहते आहे, "मला भूक नाही मावशी. मला भूक नाही."

मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात, संघात अशी एखादी बहीण किंवा मैत्रीण असेल तर तिला वजन विचारू नका. जेवलीस का, थकतेस का, पाळी वेळेवर येते का, ते विचारा. विचारताना लाजू नका. तिच्या पोटातली भूक मला मोजता येत नाही, आणि तिला हात धरून खाली उतरवायला मला हात नाहीत. तुम्हाला आहेत. तेव्हा जवळपास असाल तर हे दार ढकला. कडी लावलेली नाही.